दुसरं बेअरिंग

रमीजचा फोन आला तेव्हा मी तक्त्याच्या सहाव्या रकान्यावर होते. मंगळवार, सकाळचे साडेदहा, तळवड्याचं ऑफिस. आमच्या वेबसाइटवर चारशे बारा व्हिडिओ आहेत: डाय कशी बसवायची, ग्राइंडरचं चाक कसं बदलायचं, मायक्रोमीटर कसा वाचायचा. चाकण, चिखली, तळवड्याच्या शेडमधली माणसं ते आपापल्या फोनवर बघतात. सर्व्हर बदलणार होता आणि त्या निमित्ताने हे सगळे व्हिडिओ यापुढे कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवायचे, ते मी शुक्रवारपर्यंत एका पानात लिहून द्यायचं होतं. पहिला रकाना फॉरमॅटचं नाव, दुसरा फाइलचा आकार, तिसरा कोणत्या फोनवर चालतो, चौथा चित्र, पाचवा आवाज. सहावा रकाना कारण. तो रिकामा होता.

"ताई, कामात आहात का?" रमीज म्हणाला. मागे कंप्रेसर चालू होता.

"बोल."

"ते मिस्त्रीचाचांचा बेअरिंगचा व्हिडिओ आहे ना. त्यात दोन्हीचा आवाज सेमच येतोय की. चाचा म्हणतात हे चांगलं, हे गेलंय. मला दोन्ही वेळी नुसतं नळ सोडल्यासारखं वाजतंय. माझाच फोन खराब असंल म्हणून घरी अफरीनच्या फोनवर लावला. ती म्हणाली, ह्यात काय ऐकायचंय? मग इयरफोन घातले. तेच."

"किती वेळा ऐकलंस?"

"दहा-बारा वेळा झालं असंल. नाही ताई, मला शिकायचंचय ते. तुम्ही शूटिंग करून गेलात, त्यानंतर वीस दिवसांत तो ब्लोअर जॅम झाला. मोटरच्या बाजूचं बेअरिंग बसलं, शाफ्टवर चरा पडला. आमच्या रहिमानचाचांनी मलाच धरलं, तू ग्रीस मारलं नव्हतंस म्हणून. मी मारलेलं, ताई. अजून सुनावतात. म्हणून म्हटलं, आता आपल्या कानानंच कळायला पाहिजे."

मी बघते म्हणाले आणि फोन ठेवला. रमीज चिखलीच्या रहिमानचाचांचा पुतण्या, तीस-बत्तीस वर्षांचा. त्यांच्या पावडर कोटिंगच्या वर्कशॉपमधली सगळी मशिनं तोच बघतो. आणि मिस्त्रीचाचा म्हणजे माझे वडील, आमचे आबा, खंडू मिस्त्री. पिंपरीतल्या एका प्रेसशॉपमध्ये एकतीस वर्षं मेंटेनन्स फिटर होते. बेअरिंग चांगलं की गेलेलं हे ते लांब स्क्रूड्रायव्हरने ओळखायचे: टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे अर्धे मिटायचे. त्यांच्या वेळी कंपनीत असं ऐकणारे सहा जण होते. पाच आता नाहीत. म्हणून आठ महिन्यांपूर्वी मीच प्रीतमला म्हटलं होतं की हा एक व्हिडिओ करून ठेवू. प्रीतम आमचा प्रमुख, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तो म्हणाला होता, "करा की मॅडम, घरचंच टॅलेंट आहे."

रमीजचं म्हणणं बरोबर असणार हे मला फोन ठेवायच्या आधीच कळलं होतं, कारण आमचा फॉरमॅट मीच ठरवलेला आहे. नवीन मुलांना मी असं सांगते की व्हिडिओची फाइल म्हणजे कप्प्यांचा डबा. एका कप्प्यात चित्र, एकात आवाज, आणि झाकणावर लिहिलेलं असतं की हे उघडायचं कसं. झाकण वाचता आलं नाही तर फोन काहीच दाखवत नाही. आणि दोन्ही कप्पे दाबून भरलेले असतात, कारण न दाबता भरले तर डबा कुणाला उचलवणार नाही. दाबताना काहीतरी टाकावं लागतं. माणसाच्या डोळ्याला आणि कानाला सहसा जे कळत नाही ते टाकायचं, असा नियम आहे. तो चांगला नियम आहे, मी तो पाठ करून परीक्षा दिलेली आहे. पण कळत नाही म्हणजे कुणाला, हे आधी कुणीतरी ठरवलेलं असतं. तीन वर्षांपूर्वी चाकणच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेटवर्कची एक काडी यायची आणि सात हजारांच्या फोनवर गोल गोल चाक फिरत बसायचं. तेव्हा मी ठरवलं: सगळ्यात जुना, सगळीकडे उघडणारा डबा, चित्र बऱ्यापैकी, आवाज मात्र अगदी कमी जागेत, एकाच वाहिनीचा, फक्त बोलणं कळेल एवढा. शिवाय मागचा एकसारखा गोंगाट काढून टाकणारी गाळणी. माझ्या निर्णयाचं कौतुक झालं होतं. व्हिडिओ चालायला लागले. मशीनचा आवाज म्हणजे एकसारखा गोंगाटच, हे तेव्हा मला कसं सुचलं नाही? सुचलं असेल, आणि बोलणं महत्त्वाचं म्हणून मी ते सोडून दिलं असेल. मला आठवत नाही.

दुसरा नियमही माझाच होता. वेबवरची प्रत मंजूर झाली की तीस दिवसांनी मूळ शूटिंग पुसायचं, कारण डिस्क भरतात. चारशे अकरा व्हिडिओंची मूळं मी स्वतः पुसली आहेत. एकाचं पुसलं नाही. ते माझ्या खणात एका वेगळ्या डिस्कवर होतं, आणि त्या डिस्कवर मी चिठ्ठी लावली नव्हती. वडिलांचं म्हणून ठेवलं, असं मी कुणाला सांगितलं नसतं. नियम करणाऱ्याने तो मोडावा हे मला आवडत नाही.

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेल्यावर मी ती डिस्क लावली. मूळ शूटिंगमध्ये आवाजाच्या दोन वाहिन्या होत्या. डाव्या बाजूला आबांच्या कॉलरचा माइक, उजव्या बाजूला स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याला टेपने चिकटवलेला छोटा माइक. शूटिंगच्या वेळी मी हेडफोनमध्ये फक्त डावी वाहिनी घेतली होती. माणूस काय बोलतो ते नीट यायला हवं म्हणून. उजवी वाहिनी मी आज पहिल्यांदा ऐकत होते. ब्लोअरच्या शाफ्टला दोन टोकांना दोन बेअरिंगं. पहिलं मोटरच्या बाजूचं, दुसरं पंख्याच्या बाजूचं. आबा पहिल्याला टोक लावतात, आणि हेडफोनमध्ये बारीक, कोरडी करकर सुरू होते. फरशीवर वाळू सांडलेली असावी आणि कुणीतरी त्यावरून सारखं चालत असावं, तशी. आबा मान हलवतात. "हे चांगलंय." मग दुसरं. दुसऱ्याचा आवाज गुळगुळीत होता, जाड आणि एकसंध. आबा डोळे उघडतात, थोडं वर बघतात, आणि म्हणतात, "हे गेलंय. ऐका, कसं रडतंय."

मी पुन्हा लावलं. मग वाहिन्या एकमेकींच्या मागेपुढे सरकल्या असतील का ते तपासलं. सुरुवातीला प्रीतमने वाजवलेली टाळी दोन्हीकडे एकाच क्षणी होती. मग उजव्या वाहिनीचा आलेख काढला. मोटर मिनिटाला चौदाशे चाळीस फेरे, म्हणजे सेकंदाला चोवीस. बेअरिंगमध्ये नऊ गोळ्या. बाहेरच्या कड्याला चरा असेल तर सेकंदाला साधारण शहाऐंशी ठोके पडायला हवेत. पहिल्या बेअरिंगच्या आलेखात ठोके होते. मी ते एका सेकंदाचे मोजले, कॉलेजच्या प्रॅक्टिकलला मोजायचे तसे, तीन वेळा. शहाऐंशी, शहाऐंशी, सत्याऐंशी. दुसऱ्या बेअरिंगमध्ये काही नव्हतं. आबांनी सांगितलं त्याच्या नेमकं उलट होतं. आणि त्या दिवशी रहिमानचाचांनी आबांच्या शब्दावर पंख्याच्या बाजूचं चांगलं बेअरिंग काढून नवीन घातलं, मोटरच्या बाजूचं खराब तसंच ठेवलं, आणि वीस दिवसांनी ते बसलं.

माणसं जेवून वर आली. कुणीतरी मला ढोकळा दिला. मी तो खाल्ला. आबा चुकणार नाहीत असं मला कधी वाटलं होतं का, याचा मी विचार करत होते, आणि सारखी एक जुनी हकीकत मधे येत होती. मी चौथीत असेन. कंपनीत वर्षातून एकदा कानाची तपासणी व्हायची. काचेच्या खोलीत बसायचं, हेडफोन लावायचे, आवाज आला की बोट वर करायचं. ज्याचं बोट वर होत नसे त्याला प्रेसवरून काढून गेटवर बसवत. आबा घरी येऊन सांगायचे, "तो किसन कंपाउंडर. बटण दाबताना त्याचा डावा खांदा वर जातो. आपण काचेतून खांद्याकडं बघायचं. खांदा वर, की बोट वर. शंभरपैकी शंभर!" आई पोळ्या लाटत होती, ती हसता हसता लाटणं धरून खाली बसली. मी हसले. पुढे बरेच दिवस मी आणि शेजारची वर्षाली हाच खेळ खेळायचो. एकीने खांदा उडवायचा, दुसरीने बोट वर करायचं. तेव्हा ती एका हुशार माणसाची गोष्ट होती. आज ऑफिसात ढोकळ्याची मोहरी जिभेवर घोळवत असताना ती तीच गोष्ट होती, फक्त माझं वय बदललं होतं.

आणखीही आठवलं. दारावर कुणी आलं की आधी आईची मान वळायची, मग आबांची. आई त्यांच्याशी कधी पाठमोरी बोलली नाही. भाजी चिरत असली तरी वळून बोलायची. बीएस्सीला असताना मी एकदा घरी ट्यूनिंग फोर्क आणला होता. आबांनी तो गुडघ्यावर आपटला आणि देठ दातांत धरला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की आई म्हणाली, "ह्यांना कुल्फी दिली की काय!" दातांत धरल्यावर त्यांना थरथर जाणवत होती. आवाज ऐकू येत होता की नाही हे मी विचारलं नाही. मी विज्ञानाची विद्यार्थिनी होते आणि मला ते विचारावंसं वाटलं नाही. आई जाऊन चार वर्षं झाली. त्यानंतर आबांनी लग्नाकार्यांना जाणं सोडलं, विहारात रविवारी मागच्या भिंतीला टेकून बसायला लागले. गुडघे दुखतात म्हणायचे.

संध्याकाळी निघायच्या आधी मी तक्त्याची पहिली ओळ भरली. आत्ता आहे तोच फॉरमॅट. सहाव्या रकान्यात लिहिलं: सर्व फोनवर चालतो. ते खरं होतं आणि त्यावर कुणी प्रश्न विचारला नसता. तो फॉरमॅट राहिला तर दोन्ही बेअरिंगं कायम नळ सोडल्यासारखी वाजतील, आणि खंडू मिस्त्री चुकला हे कुणालाही, कधीही, काढता येणार नाही. डिस्कला चिठ्ठी नव्हतीच. रमीजला सांगता आलं असतं की तुझा फोन जुना आहे. त्याने ते मान्यही केलं असतं. ग्रीसचं ऐकून घेतो तसंच. ती ओळ बुधवारी दुपारपर्यंत तिथे होती. मधे प्रीतम येऊन खांद्यावरून बघून गेला.

"हे बेस्ट," तो म्हणाला. "चालतंय ते चालू द्या."

"आवाज वाढवायला हवाय," मी म्हणाले. आपण हे म्हणणार आहोत हे मला माहीत नव्हतं.

"का? कुणी काही बोललं का?"

"एकाने सांगितलं. मशीनचा आवाज कळत नाही."

"मॅडम, चारशे बारा व्हिडिओ आहेत. आणि तक्रार एका माणसाची?"

"ऐकत एकच माणूस असेल."

तो हसला. "फाइल मोठी झाली की चाकणला परत चाक फिरणार. मग मला फोन. तुम्हाला नाही, मला."

"चित्र लहान करते. बेअरिंगच्या व्हिडिओत चित्र हलतंय कुठे? आपण सगळी जागा मागच्या पत्र्याला दिलीये."

"पत्रा चांगला आलाय पण," प्रीतम म्हणाला, आणि गेला. तो वाईट माणूस नाही. मी मूळ शूटिंग पुन्हा उघडलं ते फक्त चित्र किती लहान करता येईल हे बघायला. आवाज बंद ठेवून बघत होते. आवाज नसताना आबांचा चेहरा वेगळा दिसतो. पहिल्या बेअरिंगला डोळे अर्धे मिटलेले, मग उघडतात, आणि कॅमेऱ्याच्या थोडं उजवीकडे बघतात. दुसऱ्यालाही तेच, पण या वेळी त्यांची नजर तिथे थांबते, एक सेकंद, दीड सेकंद. मग ओठ हलतात. कॅमेऱ्याच्या उजवीकडे कोण होतं? रहिमानचाचा आणि रमीज डाव्या बाजूला, स्विचबोर्डजवळ होते. प्रीतम मागे दिव्यापाशी. उजवीकडे हेडफोन लावून मी उभी होते. मी आवाज चालू केला, डावी वाहिनी, आणि तो दीड सेकंद ऐकला. ब्लोअरच्या खाली, कॉलरच्या माइकमध्ये लांबून आलेली, माझी कुजबुज होती: "कार्ड भरत आलंय." वेबवरच्या प्रतीत ती नव्हती. गाळणीने ती गोंगाट म्हणून काढून टाकली होती.

मला तो क्षण आठवला. कॅमेऱ्यात चार मिनिटांची जागा उरल्याचं लाल चिन्ह आलं होतं, दुसरं कार्ड गाडीत राहिलं होतं, आणि मी कपाळाला आठ्या घातल्या असणार. मी घालते. शाळेच्या फोटोपासून घालते. आबांनी ती आठी बघितली आणि बेअरिंग गेलंय असं म्हणाले. आईचा चेहरा त्यांनी चाळीस वर्षं वाचला होता, तो गेल्यावर माझा वाचत होते, आणि मी जागेचा हिशेब करत होते. मी सहाव्या रकान्यातलं वाक्य खोडलं. बाहेर दुसरी शिफ्ट सुटल्यासारख्या बसेस एकामागोमाग चालल्या होत्या. त्या पहिल्या शिफ्टच्याच होत्या, मला वेळेचं भान नव्हतं.

ऑफिसातून परस्पर संत तुकाराम नगरला गेले. आबा गॅलरीत खुर्ची टाकून पेपर वाचत होते. दार उघडंच होतं. मी आत येऊन पाण्याचं भांडं भरलं, झाकण पाडलं, उचललं; ते वळले नाहीत. मग मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"अगं! मांजरीसारखी येते ही," ते म्हणाले. "आज बुधवार. काय काढलंस?"

मी स्टूल ओढलं आणि समोर बसले, आई बसायची तशी. "रमीजचा फोन होता, आबा. ब्लोअरचं पहिलं बेअरिंग खराब होतं. दुसरं चांगलं होतं. मी मोजून बघितलं."

त्यांनी पेपरची घडी केली. पुन्हा एकदा केली. मला वाटलं त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तेव्हा त्यांनी हात वर केला.

"कळलं. तुझं तोंड वाईट झालं होतं."

"कार्ड भरलं होतं म्हणून, आबा. कॅमेऱ्याचं."

"काय भरलं?"

"कार्ड. जागा. शूटिंगची."

ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले, आवाज न करता, पोट हलवत. "कार्ड! आणि मी म्हणलं पोरगी शिकलेली, कानाला यंत्र लावून बसलेली, तिला कळलं असंल बेअरिंग." हसणं हळूहळू थांबलं. "तुझी आई असती तर सांगितलं असतं खुणेनं. तिला काय बेअरिंग कळत नव्हतं. पण तिला माझं कळायचं."

"कधीपासून ऐकू येत नाही?"

"येतं की. जाड येतं. बारीक येत नाही." मग पेपर बाजूला ठेवत, "तू कॉलेजला जायच्या आधीपासून. रिटायर होईपर्यंत हाताला कळायचं. मुठीतून यायचं. आता हात पण जाड झाला." त्यांनी तळवा उलटा करून बघितला. मी सांगितलं की तो व्हिडिओ काढून टाकता येईल. नाहीतर आहे तसाच ठेवता येईल, त्यात काही ऐकूच येत नाही. नाहीतर 'हे गेलंय' एवढे दोन शब्द कापता येतील. मी तिन्ही पर्याय तक्ता वाचल्यासारखे सांगितले, त्यांच्याकडे बघून, सावकाश. त्यांनी विचारलं,

"रहिमान त्या रमीजला काय बोलला?"

"ग्रीस मारलं नाही म्हणून. अजून बोलतात."

"मारलं होतं का त्यानं?"

"हो म्हणतो."

"मारलंच असंल. तो पोरगा हातातलं फडकं धुऊन वाळत घालतो. असा माणूस ग्रीस विसरत नाही." ते उठले, आत गेले, आणि पलंगाखालून तो स्क्रूड्रायव्हर काढून आणला. दांड्याला माझ्या टेपचा चिकटपणा अजून होता. "उद्या गुरुवार. रहिमानचं शेड बंद असंल, गोंगाट नसंल. त्याला फोन लाव. आणि काही कापायचं नाही."

गुरुवारी इथले बहुतेक कारखाने बंद असतात. चिखलीची ती गल्ली एरवी कटर आणि वेल्डिंगने भरलेली असते. त्या दिवशी एका शेडसमोर कुणीतरी गादी वाळत घातली होती. रमीजने बाकावर एक लहान मोटर बसवून ठेवली होती आणि बाद बेअरिंगांच्या डब्यातून चार निवडली होती, तीन बरी, एक गेलेलं. रहिमानचाचा खुर्चीत बसून होते. आबांनी मला कॅमेरा चालू करायला लावला आणि मगच बोलायला सुरुवात केली. त्यांनी आधी सांगितलं असतं तर मी कदाचित चालू केला नसता.

"मी खंडू मिस्त्री. मागल्या व्हिडिओत मी दुसरं बेअरिंग गेलंय म्हणालो. ते चुकलं. पहिलं गेलेलं. मला बारीक ऐकू येत नाही, ते मी सांगितलं नव्हतं. रमीजनं ग्रीस मारलं होतं."

"मिस्त्री, आता कशाला ते," रहिमानचाचा म्हणाले.

"तुम्ही त्याला बोललात ना चार लोकांत? मग आता चार लोकांनी ऐकू द्या."

रहिमानचाचा टोपी काढून डोकं खाजवत राहिले. मग रमीजकडे न बघता म्हणाले, "तर मग मला सांगायचं नाही का, मारलंय म्हणून?"

"सांगितलेलं, चाचा. दोन वेळा."

"तिसऱ्यांदा सांगायचं. बहिऱ्या माणसाला तीन वेळा सांगायला लागतं. काय मिस्त्री?"

आबा तेव्हा मोटरकडे बघत होते, त्यांना ते ऐकू गेलं नाही. रमीज हसला. आबांनी त्याचं हसणं बघितलं आणि तेही हसले. मग त्यांनी रमीजला बाकाजवळ ओढलं, टोक बेअरिंगवर ठेवलं, मूठ त्याच्या कानामागे दाबली. "डोळे मीट. घाई करू नको. वाळू चावल्यासारखं लागलं की गेलं." आणि ते रमीजच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहिले. एक, दोन. तिसऱ्या बेअरिंगला रमीजची डावी भुवई किंचित वर गेली आणि हनुवटी मागे आली, भातातला खडा दाताखाली यावा तशी. आबांनी बोट वर केलं. "हे!" ते कॅमेऱ्याला म्हणाले. "ह्याचं तोंड बघा. हे गेलंय." रमीजने डोळे उघडले आणि म्हणाला, "हां. हे ऐकू येतं की, चाचा. हे तर स्पष्टच येतं." मी त्या सगळ्या वेळात कॅमेऱ्यामागे मान खाली घालून, फक्त कार्डाचा आकडा बघत होते. चौसष्ट मिनिटं बाकी होती.

मग नवी अडचण लक्षात आली, आणि ती अगदी साधी होती. मी चित्र लहान करून आवाजाला जागा देणार होते. पण आता चित्रात ती भुवई होती. दाबताना सगळ्यात आधी जातं ते असलंच काहीतरी: सावळ्या चेहऱ्यावरचा, कमी उजेडातला, अर्ध्या सेकंदाचा बदल. दाबणाऱ्याच्या दृष्टीने तिथे काही घडलेलंच नसतं. मी गुरुवारी संध्याकाळी तीन आकारांच्या प्रती केल्या, लहान, मधली, मोठी. आवाज तिन्हींमध्ये पूर्वीच्या चौपट, दोन्ही वाहिन्या, गाळणी काढलेली. मोठी प्रत चाकणला चालणार नाही हे मला माहीत होतं. प्रश्न लहान आणि मधलीचा होता, आणि हा प्रश्न मी माझ्या डोळ्यांनी सोडवू शकत नव्हते, कारण उत्तर मला ठाऊक होतं.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता मी आबांकडे गेले. प्रत्येक बेअरिंगचा तुकडा वेगळा केला होता, आबांचं बोट वर जायच्या आधी तोडलेला. चार चिठ्ठ्या केल्या, उचलून क्रम ठरवला, आणि त्यांच्याच सात हजारांच्या फोनवर आवाज बंद करून तुकडे लावले. आधी लहान प्रत. फोन त्यांच्या हातात दिला आणि मी त्यांच्या समोर बसले. पहिला तुकडा संपला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. सवयीने, त्यांना कळलंही नसेल. मी उठले आणि त्यांच्या खुर्चीच्या मागे जाऊन भिंतीशी उभी राहिले.

"कुठं गेलीस?"

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी उरलेले तीन बघितले, पुन्हा चारही बघितले. "कळत नाही," ते म्हणाले. "ह्याला तोंडच नाही. मेणाचं केलंय तुम्ही."

मग मधली प्रत, नवीन चिठ्ठ्या. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मागून मला फक्त त्यांचे कान दिसत होते, मोठे, पातळ झालेले, पाळ्यांवर पांढरे केस. त्या कानांवर मी लहानपणी दात उमटवले होते असं आई सांगायची. दुसऱ्या तुकड्याला त्यांचं बोट वर गेलं. बरोबर होतं. चारांत एक बरोबर येणं योगायोगानेही होतं, म्हणून मी पुन्हा चिठ्ठ्या उचलल्या. चौथा. बरोबर. पुन्हा. पहिला. तीन वेळा लागोपाठ योगायोगाने बरोबर येण्याची शक्यता चौसष्टात एक आहे. एवढं मला पुरेसं होतं. मी समोर आले.

"आलं का?" त्यांनी विचारलं.

माझं तोंड त्यांनीच बघितलं, आणि उत्तर द्यायची गरज राहिली नाही. "शंभरपैकी शंभर," ते म्हणाले, आणि फोन उलटा करून त्याची मागची बाजू अंगठ्याने चाचपत बसले.

साडेदहाला ऑफिसात तक्ता पूर्ण केला. डबा जुनाच, सगळीकडे उघडणारा. आवाज चौपट. चित्र मधलं. मूळ शूटिंग पुसायचा नियम रद्द. प्रीतमने उभ्या उभ्या वाचलं, फाइलचा आकार बघून ओठ मुडपले आणि सहाव्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे काय लिहिलंय, मॅडम? हे वर पाठवायचंय."

"तपासलेलं आहे," मी म्हणाले.

सहाव्या रकान्यात लिहिलं होतं: चेहरा वाचता येतो.